'जुने काम' मधली ती एक स्पेस

आमचं दुकान शहापुरात, नाथ पै सर्कलपासून थोडं आत. डीटीपी, लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, यात्रेची हँडबिलं, निवडणूक आली की पत्रकं, सगळं करतो. दुकान अण्णांचं, मी तिथं बारा वर्षं आहे, आणि कन्नड टायपिंगला एक अक्का आहेत त्या माझ्याही आधीपासून. बेळगावात पत्रिका छापायची म्हणजे अर्ध्या गिऱ्हाइकांना एका बाजूला मराठी दुसऱ्या बाजूला कन्नड लागतं, मुलगा खानापूरकडचा नि मुलगी बैलहोंगलची असं सर्रास असतंय, मग माझं मराठी श्रीलिपीत आणि अक्कांचं कन्नड नुडीत, आणि दोन्ही एका कोरल फाईलमध्ये आणून बसवायचं. तिघांच्या मशीनवर विंडोज आहे पण फाईली ठेवायला कोपऱ्यात एक जुना डेस्कटॉप आहे, त्यावर मी लिनक्स टाकलंय, सांबा नावाच्या प्रोग्रॅमनं सगळ्यांना त्यावरचा शेअर दिसतो. पाचशे जीबीची साधी फिरती हार्ड डिस्क. हे सगळं मीच बसवलं आणि मीच सांभाळतो, त्यामुळे पुढं जे झालं तेही माझ्याच हातनं झालं.

तुळशीचं लग्न जवळ आलं की आमच्याकडं उभं राहायला जागा नसते. त्या वर्षी दिवाळी संपली आणि आठवड्यात डिस्क ९६ टक्के भरली. कोरलमध्ये सेव्ह करताना एरर यायला लागली, अक्कांनी दोनदा सांगितलं, "बघ की रे एकदा, सेव्हच होईना झालंय." मी म्हटलं दुपारी गर्दी कमी झाली की जुनं काढून टाकतो.

शेअरमध्ये फोल्डर होते ते असे: 'काम', म्हणजे चालू काम, रोजचं. 'फोटो', गिऱ्हाइकांनी दिलेले आणि आम्ही स्कॅन केलेले. आणि मग 'जुने काम', 'जुने काम २०१९', 'जुने फोटो'. बाकी फॉन्ट, बॉर्डरी, गणपतीची चित्रं वगैरे. जुन्या तिन्हीची कॉपी बाहेरच्या डिस्कवर होती, ती मी आधी नीट तपासली, फाईली उघडून बघितल्या. मग डीयू लावून तिन्हीचा साइज काढला, २१० जीबी. हा आकडा मी कागदावर लिहिला होता, तो कागद अजून माझ्याकडे आहे.

आता तीनच फोल्डर, तीन वेळा आरएम, म्हणजे काढून टाकायची कमांड, लिहून झालं असतं. पण सवय. मी शेअरच्या फोल्डरात गेलो आणि आधी फाइंड लावून नुस्ती यादी काढली, नाव 'जुने' नं सुरू होणारं, खोली १ च, आत शिरायचं नाही. यादीत बरोबर तीन ओळी आल्या, तिन्ही जुन्या. बघितलं, समाधान झालं, वरचा बाण दाबून तीच ओळ परत आणली आणि तिच्या शेवटाला पाइप जोडली, म्हणजे फाइंडची यादी एक्सआर्ग्सकडं जाईल आणि तो ती नावं आरएमपुढं मांडून देईल:

सुडो फाइंड . -मॅक्सडेप्थ १ -नेम 'जुने*' | सुडो एक्सआर्ग्स आरएम -आरएफ

एंटर. काही वेळ डिस्कचा आवाज आला, मग प्रॉम्प्ट परत आला. एक अक्षर नाही, एरर नाही. डीएफ बघितलं, ९६ वरनं ६० वर आलेलं. हिशोब केला तर १६४ जीबी मोकळी झाली होती आणि माझ्या कागदावर होते २१०. हा फरक मला दिसला. दिसून मी सोडून दिला, म्हटलं असेल काहीतरी ब्लॉक साइजचं, आणि डबा उघडून जेवायला बसलो. ह्या गोष्टीचं मला आजही वाईट वाटतं, कारण सगळं काय झालंय ते त्या ४६ जीबीच्या फरकात लिहिलेलं होतं.

तीन वाजता अक्का जेवून आल्या. त्यांच्या स्क्रीनवर जाताना उघडी ठेवलेली प्रुफाची पीडीएफ तशीच होती, खानापूर तालुक्यातल्या एका घरची पत्रिका. दुसरी फाईल उघडायला शेअरमध्ये गेल्या आणि म्हणाल्या, "काम कुठं गेलं रे? दिसंना झालंय."

मी उठून त्यांच्या मशीनवर बघितलं. 'काम' नाही. 'फोटो' नाही. आणि 'जुने काम', 'जुने काम २०१९', 'जुने फोटो' तिन्ही जागच्या जागी, आतल्या सगळ्या फाईलींसकट.

पाच मिनिटं मला कळेचना. जे काढायला सांगितलं ते आहे आणि ज्याचं नावपण घेतलं नाही ते गेलंय. मग कागदावर ती ओळ लिहिली आणि एक्सआर्ग्स होऊन वाचायला लागलो. फाइंडनं दिलं './जुने काम'. एक्सआर्ग्स शब्द तोडतो ते स्पेसवर आणि नव्या ओळीवर, त्याला काय माहीत की हे एकच नाव आहे, त्यानं त्याचे दोन केले: './जुने' आणि 'काम'. तसंच './जुने' आणि 'फोटो'. तिसऱ्याचे तीन, './जुने', 'काम', '२०१९'. आरएमला हे सुटे तुकडे मिळाले. './जुने' नावाचं काही नव्हतंच, '२०१९' पण नव्हतं. 'काम' होतं. 'फोटो' होतं. आणि मी उभा होतो नेमका त्याच फोल्डरात.

यादी मी बघितली होती. यादी बरोबर होती. यादी आणि आरएम यांच्या मधे जे घडलं ते मी बघितलं नव्हतं.

आणि -एफ. बऱ्याच जणांना वाटतं, मलाही वाटायचं, की -एफ म्हणजे जोर लावून काढ. ते खरं म्हणजे दोन कामं करतं: विचारू नको, आणि जे सापडत नाही त्याबद्दल बोलू नको. हे दुसरं काम इथं नडलं. नुस्तं आरएम -आर असतं तरी 'काम' गेलंच असतं, मी ते नाकारत नाही, पण './जुने' अशी फाईल किंवा डिरेक्टरी नाही असं तीनदा स्क्रीनवर आलं असतं आणि मला त्याच क्षणी कळलं असतं की काहीतरी उलटं झालंय. मी डबा उघडला नसता. -व्ही लावलं असतं तर काढलेलं एकेक नाव वाहताना दिसलं असतं, 'काम/' नं सुरू होणारी पहिली ओळ दिसली की कंट्रोल-सी मारता आलं असतं, अर्धं तरी वाचलं असतं. आर आणि एफ आम्ही एका श्वासात शिकलो, कुणीतरी ट्युटोरियलमध्ये तसंच लिहिलेलं असतं आणि आपण तो एकच शब्द आहे असं धरून चालतो. ते दोन वेगळे ऑप्शन आहेत, आर म्हणजे आत शिर, एफ म्हणजे गप्प बस, आणि दहातल्या नऊ वेळा आपल्याला फक्त पहिला पाहिजे असतो.

अजून एक गैरसमज तेव्हाच गेला. छपाईला पाठवायच्या फायनल फाईली मी मुद्दाम रीड-ओन्ली करून ठेवायचो, म्हणजे चुकून कुणी पुसायला नको. पण युनिक्समध्ये, लिनक्स त्याच घराण्यातलं, फाईल काढणं हा फाईलच्या परवानगीचा विषयच नाही, ज्या डिरेक्टरीत ती आहे त्या डिरेक्टरीवर लिहायची परवानगी असली की झालं. नाव काढायचं म्हणजे डिरेक्टरीच्या यादीतनं एक ओळ खोडायची, फाईलच्या मजकुराला हात लावायचा नाही. आरएमचं आतलं काम म्हणजे एक अनलिंकची हाक, नावच सांगतंय. रीड-ओन्ली फाईल असली तर आरएम विचारतो जरूर, पण फक्त समोर टर्मिनल असेल तर. एक्सआर्ग्समधनं चालवलं की आरएमचं इनपुट कीबोर्डला जोडलेलंच नसतं, तिकडं डेव्ह नल, म्हणजे रिकामं इनपुट असतं, मग -एफ नसतं तरी विचारलं नसतं. आणि मी तर सुडो लावलेलं, म्हणजे रूट, मशीनचा सर्वाधिकारी, होऊन चालवलेलं, आणि रूटला सगळंच लिहिता येतं.

आता दुपारी सव्वातीनला पहिलं काय केलं ते सांगतो, कारण ही वेळ कुणावर आली तर हेच उपयोगी पडेल. पहिलं, अण्णांना आणि अक्कांना सांगितलं की शेअरवर काहीही सेव्ह करू नका, एक फाईलसुद्धा नको. जागा मोकळी झालीय म्हणजे डेटा पुसला गेलाय असं नसतं, ते ब्लॉक फक्त रिकामे म्हणून मोजले जातात, त्यावर नवं काही लिहिलं की मात्र खरंच गेलं. दुसरं, अक्कांना म्हटलं ती पीडीएफ बंद करू नका, माउसला हात लावू नका.

ते का, तर उघडी फाईल अनलिंक केली तर तिचं नाव जातं पण ती मरत नाही. फाईलवर दोन मोजण्या असतात, किती नावं तिच्याकडं बोट दाखवतात आणि किती प्रोग्रॅमनी तिला धरून ठेवलंय, दोन्ही शून्य झाले की मगच कर्नल, लिनक्सचा गाभा, जागा सोडतं. अक्कांच्या मशीनवर पीडीएफ उघडी होती म्हणजे सर्व्हरवर सांबाच्या प्रोसेसनं ती धरलेली होती. एलएसओएफ ला +एल१ लावलं की एकही नाव न उरलेल्या उघड्या फाईली दिसतात. लावलं. एक ओळ आली, शेवटी कंसात डिलिटेड, आणि नाव त्या खानापूरच्या पत्रिकेचं. मग स्लॅश प्रॉक, त्या प्रोसेसचा नंबर, त्यात एफडी फोल्डर, त्यात तो आकडा, तिथनं सीपी करून सरळ पेनड्राइव्हवर घेतली. उघडली. दोन्ही बाजू, मराठी आणि कन्नड, पूर्ण. माझे हात थरथरत होते, अक्का मागं उभ्या राहून बघत होत्या, त्या फक्त "आली" एवढंच म्हणाल्या.

१६४ जीबीतली एक फाईल.

ती घेतल्यावर सांबा बंद केलं आणि डेटाचं पार्टिशन अनमाउंट केलं, म्हणजे चालू मशीनपासून सोडवलं. हा क्रम महत्त्वाचा आहे, आधी अनमाउंट करायला गेलो असतो तर बिझी म्हणून नकार आला असता आणि घाईत सांबा मारून टाकलं असतं की ती एक पण गेली असती. मग मशीन लाइव्ह पेनड्राइव्हवरनं चालू केलं आणि फोटोरेक हा गेलेल्या फाईली शोधायचा प्रोग्रॅम लावला, सापडेल ते दुसऱ्या बाहेरच्या डिस्कवर. आमच्या डिस्कवर फाईली मांडायची पद्धत एक्स्ट-फोर, तिच्यात फाईल काढली की तिचे तुकडे डिस्कवर कुठं होते ती नोंदच आयनोडमधनं, म्हणजे फाईलच्या माहितीच्या पानातनं, पुसली जाते, म्हणून नावानिशी सगळं परत आणायची आशा नव्हती. फोटोरेक नावाकडं बघतच नाही, तो डिस्क सुरुवातीपासनं वाचत जातो आणि जेपीजी कशी सुरू होते, पीडीएफ कशी सुरू होते ह्या खुणा ओळखून उचलतो. आमची फिरती डिस्क होती हे नशीब, एसएसडी असती तर ट्रिमनं, म्हणजे रिकामे ब्लॉक आपोआप साफ करायच्या सोयीनं, ते ब्लॉक साफ झालेले असण्याची भीती होती.

रात्रभर चालू ठेवलं. मी दुकानातच थांबलो, अण्णांनी घरनं चहा आणि कांदेपोहे पाठवले, काही बोलले नाहीत. सकाळी बघितलं तर हजारो फाईली, सगळ्यांची नावं एफ आणि पुढं आकडे. फोटो जवळजवळ सगळे आले, त्यांच्या आतच तारीख असते तिच्यावरनं लावता आले. पीडीएफ बऱ्याच आल्या. कोरलच्या ज्या आल्या त्यातल्या निम्म्या उघडल्याच नाहीत.

बाहेरच्या डिस्कवरचा 'काम'चा बॅकअप १९ दिवसांचा जुना होता. ऐन हंगामातले १९ दिवस. वहीत बघितलं, त्या दिवसांत ३१ कामं घेतलेली, १२ छापून गेलेली, राहिली १९.

ह्यातली बहुतेक कामं आम्ही तारेवरनं परत उभी केली. प्रत्येक प्रेसमध्ये असते तशी आमच्याकडं पण भिंतीला एक वाकडी तार आहे, गिऱ्हाइकानं तपासून सही केलेलं प्रुफ तिला टोचून ठेवायचं. अण्णांची जुनी सवय, कंपोझच्या काळातली, मी किती वेळा म्हटलं होतं हे कागद कशाला. त्या दिवशी तार खाली घेतली आणि टेबलावर एकेक कागद पसरला. मधोमध भोक, कडेला लाल पेननं दुरुस्त्या. 'आमचे येथे श्रीकृपेकरून' च्या खाली आजोबांच्या नावाआधी 'कै.' घातलेलं. एका ठिकाणी कुलदैवताचं नाव बदललेलं. कन्नड बाजूला अक्कांच्याच अक्षरात एका जोडाक्षराखालचा राहिलेला ओत्तु, म्हणजे खाली लिहायचं दुसरं अक्षर, गोल करून दाखवलेला. अक्का तीन दिवस रात्री नऊपर्यंत बसल्या आणि सगळं कन्नड पुन्हा टाइप केलं, एकदाही मला बोलल्या नाहीत.

चार कामांचं प्रुफच निघालं नव्हतं. अण्णा म्हणाले, "फोन तूच कर." केले. खरं तेच सांगितलं, माझ्याकडनं फाईल गेली, मजकूर परत पाहिजे. तिघांनी व्हॉट्सॲपवर पाठवला. चौथे एक म्हातारे गृहस्थ खानापूरच्या बसनं स्वतः आले, खिशातनं वहीचा घडी केलेला कागद काढला आणि म्हणाले, "हाय की कागद. परत लिवा." सगळ्या पत्रिका वेळेत गेल्या.

त्यानंतर काय बदललं ते सांगतो. पहिली गोष्ट, फाइंड आणि एक्सआर्ग्स जोडायचे तर फाइंडला -प्रिंट० आणि एक्सआर्ग्सला -० लावल्याशिवाय नाही. युनिक्समध्ये फाईलच्या नावात फक्त दोन गोष्टी चालत नाहीत, स्लॅश आणि शून्य बाइट. स्पेस चालते, नवी ओळसुद्धा चालते. म्हणून दोन नावांच्या मधे खूण ठेवायची तर ती शून्य बाइटचीच, दुसरी कुठलीही खूण नावातच सापडू शकते. आधी हे जीएनयू आणि बीएसडी ह्या दोन घराण्यांच्या कमांडींपुरतं होतं, २०२४ च्या पॉसिक्समध्ये, म्हणजे सगळ्या युनिक्सांच्या सामायिक नियमांत, दोन्ही ऑप्शन आले. आपल्याकडं हे जास्त महत्त्वाचं आहे असं मला मनापासून वाटतं, कारण इंग्रजीत प्रोग्रॅमर लोक अंडरस्कोर घालून नावं देतात, आपले लोक फाईलला नाव देतात ते बोलतात तसं, 'पाटील लग्न कार्ड दुसरं प्रुफ फायनल'. दिलंच पाहिजे तसं, नाव माणसाला कळायला असतंय. जाता जाता, एक्स्ट-फोर वर नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे आणि देवनागरीचं एक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट खातं, म्हणजे आपल्याला ८५ च चिन्हं, त्यात काना-मात्रा पण वेगळे मोजले जातात.

पाइप नकोच असेल तर फाइंडलाच -डिलीट आहे, तिथं नाव तुटायचा प्रश्न येत नाही, पण तो ऑप्शन ओळीच्या शेवटी ठेवायचा. फाइंड डावीकडनं उजवीकडं वाचतो, -डिलीट आधी आणि -नेम नंतर लिहिलं तर नाव बघायच्या आधीच सगळं काढत सुटतो. मी आधी -प्रिंट लावून बघतो, मग त्याच जागी -डिलीट लिहितो.

आडव्या रेघेनं सुरू होणारी फाईल असली तर आरएमला ती ऑप्शन वाटते. आमच्याकडं एकानं '-नवीन' नावाची पाठवलेली. आरएम नंतर दोन रेघा आणि स्पेस देऊन मग नाव लिहायचं, किंवा नावाआधी ./ लावायचं. रिकामे फोल्डर काढायला आरएम वापरतच नाही, आरएमडीआयआर वापरतो, आत एक जरी फाईल असली तरी तो नकार देतो, त्या नकाराची किंमत मला आता कळते.

बरेच जण म्हणतात आता आरएम सुरक्षित झालाय, रूट काढायला गेलं तर नाही म्हणतो. खरं आहे, जीएनयूच्या आरएममध्ये २००६ पासून ती राखण आपोआप चालू असते. पण ती नुस्त्या स्लॅशपुरती, स्लॅशपुढं तारा (*) दिला तर शेल, म्हणजे कमांड वाचणारा प्रोग्रॅम, त्याचे सगळे फोल्डर आधीच उलगडून देतं आणि आरएमला स्लॅश दिसतच नाही. माझ्या 'काम' ला तर तिचा काहीच उपयोग नव्हता.

छापून झालेल्या वर्षाच्या फोल्डरातल्या फाईलींना आता सीएचएटीटीआर +आय लावतो, म्हणजे फाईलीला कुलूप. मग रूटनं -आरएफ केलं तरी ऑपरेशन नॉट परमिटेड येतं, आधी ते हातानं काढावं लागतं. चालू कामाच्या फोल्डराचं नाव बदलून 'चालू_काम' केलं. बॅकअप रोज रात्री आपोआप होतो. आणि ती तार भिंतीवर आहे, प्रुफं टोचतो.

जानेवारीत गर्दी ओसरल्यावर ते तीन जुने फोल्डर काढायचं राहिलेलं काम घेतलं. ह्या वेळी अक्कांना शेजारी बसवलं. 'जुने काम २०१९' मध्ये शिरून एकेक गिऱ्हाइकाचा फोल्डर, आरएम -आर -व्ही आणि मोठा आय. मोठा आय प्रत्येक फाईलला विचारत नाही, आत शिरायच्या आधी एकदाच विचारतो, तेवढं पुरतं. मी नाव अवतरणात लिहायचो, अक्का वाचायच्या, "काढ" म्हणायच्या, मी वाय दाबायचो, आतली नावं सरकत जायची. साठेक फोल्डर झाले असतील. मग एक आला, वडगावच्या एका लग्नाचा.

"थांब," अक्का म्हणाल्या. "परवाच येऊन गेले की हे. पोरीचं बारसं हाय. लग्नाच्या कार्डातला गणपतीच पाहिजे म्हणालेत."

स्क्रीनवर प्रश्न तसाच होता. मी एन दाबलं आणि पुढचं नाव लिहायला घेतलं.